श्राविकाश्रम ते किशोरी शिबिर : कन्यांच्या नेतृत्वशिक्षणाची वाटचाल

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवाचा हा मंगल प्रसंग. अशा वेळी मागे वळून पाहताना वास्तू उभारणारे, देणगी देणारे आणि कारभार सांभाळणारे यांची आठवण प्रथम होते, आणि ती होणे उचितच आहे. परंतु कोणत्याही धर्मसंस्थेच्या वाटचालीत आणखी एक वर्ग सातत्याने राबत असतो, ज्याचे नाव ना संगमरवरी फलकावर असते ना सभेच्या इतिवृत्तात. पाठशाळेतील लहानग्यांकडून नवकार मंत्र पाठ करून घेणारी, महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी पहाटे रांगोळी घालणारी, पाहुण्यांपुढे स्वागतगीत म्हणणारी आणि कार्यक्रम संपल्यावर सतरंज्या गोळा करणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, हा तो वर्ग होय. तिच्या हाती आपण काम पुष्कळ देतो, निर्णय मात्र क्वचितच देतो.

मुलींच्या नेतृत्वशिक्षणाचा विषय आज नवा वाटतो. शिबिरे, कार्यशाळा, व्यक्तिमत्त्व विकास असे शब्द त्याच्याशी जोडले गेल्यामुळे तो शहरातून आलेला असावा, असाही समज होतो. प्रत्यक्षात हे कार्य महाराष्ट्रातील जैन समाजात शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे. त्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ज्या संस्थांनी मुलींच्या हाती जबाबदारीबरोबर अधिकारही दिला, त्यांच्यातून पुढच्या पिढीच्या संचालिका निर्माण झाल्या. जेथे केवळ जबाबदारी दिली गेली, तेथे मुली कष्टाळू झाल्या, पण संस्था इतरांच्याच हाती राहिली. प्रस्तुत लेखात या वाटचालीचा धावता आढावा घेऊन, आपल्या किनारपट्टीवरील छोट्या समाजाने त्यातून काय घ्यावे याचा विचार मांडला आहे.

परंपरेतील अधिष्ठान

आपल्या परंपरेत विद्येचा प्रारंभच कन्यांपासून झाला आहे. आदितीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे पुराणे सांगतात. अक्षर आणि अंक ही दोन्ही साधने प्रथम मुलींच्या हाती देणारी ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा व्यावहारिक अर्थ मात्र आपण फारसा मनावर घेतलेला नाही. पत्र लिहिता येणे आणि हिशेब ठेवता येणे हाच कोणत्याही कारभाराचा पाया आहे, आणि तो पाया ऋषभदेवांनी कन्यांसाठी घातला.

भगवान महावीरांच्या संघातील आर्यिका चंदना हिचे उदाहरण याहूनही बोलके आहे. दासी म्हणून विकली गेलेली ही राजकन्या पुढे छत्तीस हजार आर्यिकांच्या संघाची प्रमुख झाली. चतुर्विध संघात साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असे चार घटक मानले गेले. श्राविकेला श्रावकाच्या आश्रयाला न ठेवता स्वतंत्र स्थान दिले गेले. दहाव्या शतकाच्या अखेरीस कर्नाटकात होऊन गेलेल्या अत्तिमब्बेने कवी पोन्न याच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून घेऊन वाटल्या. छपाई नसलेल्या काळात लेखनिक, ताडपत्रे आणि द्रव्य यांची एवढी जुळवाजुळव करणाऱ्या त्या स्त्रीला ‘दानचिंतामणी’ म्हणून गौरविले जाते. तिच्या दानाइतकेच तिचे व्यवस्थापनकौशल्यही स्मरणीय आहे.

परंपरेत आधार होता. परंतु मधल्या अनेक शतकांत समाजव्यवहार त्यापासून दूर गेला. बालविवाह आणि वैधव्य यांनी मुलीचे आयुष्य उमलण्यापूर्वीच बंद करून टाकले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुधारणेला प्रारंभ झाला तो याच पार्श्वभूमीवर.

किशोरावस्था आली कोठून?

आज आपण ‘किशोरी’ हा शब्द सहज वापरतो. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बहुसंख्य मुलींच्या वाट्याला किशोरावस्था येतच नव्हती. परकरी वयात लग्न होई, आणि बाहुली हातातून सुटते न सुटते तोच घर, सासर आणि मूल अंगावर पडे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने दहा वर्षांची मर्यादा बारावर नेली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा केले, १९४९ मध्ये ते पंधरा आणि १९७८ मध्ये अठरा झाले. एकीकडे कायदा आणि दुसरीकडे शाळा, अशा दोहोंनी मिळून बालपण व संसार यांच्या मध्ये काही वर्षांची मोकळी जागा निर्माण केली.

ही जागा सहज मिळालेली नाही. तिच्यासाठी अनेकांनी लोकनिंदा सोसली आहे. म्हणून त्या वर्षांत मुलीने काय करावे, हा प्रश्न केवळ अभ्यासाचा किंवा करमणुकीचा राहत नाही. ती वर्षे केवळ लग्नाची वाट पाहण्यात गेली, तर मिळवलेले अर्धे हातचे गेले असे होईल.

मगनबाई आणि श्राविकाश्रम

जैन समाजात या प्रश्नाला कृतीने उत्तर देणारी पहिली मोठी स्त्री म्हणजे जैन महिलारत्न मगनबाई. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१–१९१४) यांची ही कन्या. मुंबई, कोल्हापूर अशा अनेक ठिकाणी जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारणारे शेठ माणिकचंद आपल्याकडे सुपरिचित आहेत. खेड्यातील हुशार मुलगा शहरात शिकायला आला, तर त्याच्या राहण्याची आणि शुद्ध आहाराची सोय नसते, ही अडचण त्यांनी ओळखली होती. परंतु त्यांच्या स्वतःच्या घरातच त्याहून मोठा प्रश्न उभा राहिला. मगनबाईंना विशीच्या आतच वैधव्य आले. पदरी एक लहान मुलगी होती.

त्या काळच्या रीतीप्रमाणे सधन घरातील विधवा मुलीला माजघरात सुखाने ठेवता आले असते. अन्नवस्त्राची वाण नव्हती. शेठजींनी तसे केले नाही. त्यांनी मुलीच्या शिक्षणाची व्यवस्था केली. धर्मग्रंथ आणि भाषा शिकविल्या. आणि महत्त्वाचे म्हणजे, तिला समाजापुढे उभे राहू दिले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मगनबाईंनी श्राविकाश्रमाची स्थापना केली. अहमदाबादेत सुरू झालेला हा आश्रम पुढे मुंबईत तारदेव येथे स्थिरावला. परित्यक्ता, विधवा आणि कुमारिका तेथे राहून शिकू लागल्या. धर्मशिक्षणाबरोबर भाषा, गणित, शिवण व भरतकाम यांचा त्यात समावेश होता. हेतू केवळ आश्रय देण्याचा नव्हता. येथे शिकलेल्या स्त्रीने आपल्या गावी जाऊन कन्याशाळा चालवावी, अध्यापिका व्हावी, हा होता. आश्रमाची कीर्ती पसरली ती याच कारणाने.

मगनबाई एकट्या नव्हत्या. ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई या त्यांच्या निकटच्या सहकारिणी. या तिघींनी गावोगाव प्रवास केला, सभांमध्ये व्याख्याने दिली, कन्याशाळांसाठी देणग्या मिळविल्या. अखिल भारतवर्षीय दिगंबर जैन महिला परिषदेच्या स्थापनेतही मगनबाईंचा पुढाकार होता. ज्या काळी स्त्रीने परक्या पुरुषांपुढे उभे राहून बोलणे हेच आश्चर्य होते, त्या काळी या स्त्रिया ठराव मांडत होत्या आणि जमाखर्च सादर करीत होत्या. बिहारमधील आरा येथे पंडिता चंदाबाई यांनी १९२१ मध्ये ‘जैन बालाविश्राम’ स्थापन केला आणि ‘जैन महिलादर्श’ या मासिकाचे संपादन दीर्घकाळ केले. हे कार्यही याच प्रेरणेच्या प्रवाहातील होय. मगनबाईंचे निधन १९३० मध्ये झाले. तोपर्यंत त्यांच्या मागे काम पुढे नेणाऱ्या स्त्रियांची एक फळी तयार झाली होती.

येथे शेठ माणिकचंदांच्या दानाकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहावेसे वाटते. त्यांनी वसतिगृहांना द्रव्य दिले, धर्मशाळा बांधल्या. परंतु मुलीला दिलेला विश्वास हे त्यांचे सर्वांत दूरगामी दान ठरले. वडिलांच्या नावावर चालणारी संस्था आणि मुलीने स्वतः चालविलेली संस्था यांत हाच फरक असतो.

सोलापूर, कारंजा, सांगली

मराठी भाषक जैन समाजात या कार्याचे एक प्रमुख केंद्र सोलापूर होते. कंकुबाई यांचे वडील शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे ‘जैन बोधक’ या मराठी पत्राचे संस्थापक. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात सुरू झालेल्या या पत्राने मराठी जैनांना एकमेकांशी जोडले आणि सामाजिक प्रश्नांची चर्चा घरोघरी नेली. अशा घरात वाढलेल्या कंकुबाईंनी आपले वैधव्याचे आयुष्य स्त्रीशिक्षणाला वाहिले. विदर्भातील कारंजा (लाड) येथे त्यांच्या नावाचा श्राविकाश्रम आणि कन्याशाळा त्यांची आठवण जागी ठेवून आहेत.

याच सोलापुरात पुढे राजुलमती श्राविकाश्रम आणि उमाबाई श्राविका विद्यालय या संस्थांच्या रूपाने श्राविका संस्थेचा वृक्ष बहरला. पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहा यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्यांच्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ‘षट्खंडागम’ हा दिगंबर परंपरेतील अत्यंत प्राचीन आणि दुर्गम ग्रंथ. मूडबिद्रीच्या भांडारातील ताडपत्रांतून तो बाहेर येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. या ग्रंथाची एक आवृत्ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिचे संपादन सुमतीबाईंनी केले. एकाच शतकात जैन स्त्री अक्षरओळखीपासून आगमाच्या संपादनापर्यंत पोहोचली. हे अंतर एका विलक्षण प्रज्ञावंत व्यक्तीने एकटीने कापले असे म्हणून चालणार नाही. तिच्या मागे आश्रमाची शिस्त होती, शिकविणाऱ्या स्त्रिया होत्या आणि आधीच्या पिढीने मोकळी करून ठेवलेली वाट होती.

दक्षिण महाराष्ट्रात १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने, म्हणजेच आजच्या दक्षिण भारत जैन सभेने, शिक्षणप्रसाराचे मोठे कार्य केले. सांगली येथील श्रीमती कळंत्रेआक्का जैन महिलाश्रम हा त्याच परिवारातील. कोल्हापूर-सांगलीशी घाटमार्गे व्यापारउदीम असलेल्या आपल्या कोकणातील कुटुंबांना ही नावे परकी नाहीत.

या सर्व आश्रमसंस्थांच्या कार्यपद्धतीत एक समान सूत्र आढळते. नव्याने आलेली मुलगी प्रथम शिकणारी असे. काही वर्षांनी ती लहान मुलींना शिकवू लागे. पुढे कोठी, स्वयंपाकघर, वसतिगृह अथवा शाळेचा एखादा वर्ग तिच्याकडे येई. वेगळे ‘नेतृत्व प्रशिक्षण’ असे नाव त्याला कोणी दिले नाही. परंतु धान्य महिन्याला किती लागेल याचा अंदाज बांधणे, आजारी मुलीची रात्री काळजी घेणे, रुसलेल्या दोघींचा समेट घडविणे आणि देणगीदारापुढे न घाबरता हिशेब ठेवणे, याहून वेगळे नेतृत्व ते कोणते?

हिंगण्याची साक्ष, कोकणच्या कन्या

हेच सूत्र आपल्या समाजाबाहेरील संस्थांतही दिसते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई या कोकणातील देवरुखच्या. १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, सर्वांच्या ‘बाया कर्वे’ झाल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. तो पुढे हिंगण्याला गेला.

गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र तर प्रत्येक किशोरीने वाचावे असे आहे. देवरुखच्या या मुलीला विसाव्या वर्षी वैधव्य आले. अक्षरओळखही उशिरा झाली. हिंगण्याच्या आश्रमात त्या शिकल्या आणि त्याच आश्रमाच्या अधीक्षिका झाल्या. आश्रमासाठी वर्गणी जमविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. इंग्रजी येत नसल्याने काम अडते, हे लक्षात आल्यावर १९१८ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या अमेरिकेला गेल्या. तेथे घरकाम करून पोट भरले, भाषा शिकली आणि १९२० मध्ये परत येऊन पुन्हा कामाला लागल्या. १९२८ मध्ये त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

‘मुलगी उद्या सासरी जाणार; तिला तयार करून संस्थेला काय उपयोग?’ हा प्रश्न अनेक ठिकाणी विचारला जातो. आपल्याकडेही तो विचारला जातो. पार्वतीबाई, कंकुबाई, मगनबाई यांची चरित्रे या प्रश्नाचे उत्तर देतात. देवरुखची मुलगी हिंगण्याच्या कामी आली आणि सोलापूरची मुलगी कारंज्याच्या. आज आपल्या मंदिराचे काम पाहणाऱ्या सुना याही कोणत्या तरी गावच्या पाठशाळेत तयार झालेल्या लेकीच आहेत. आपली लेक दुसऱ्या गावच्या संघाला लाभेल, तेव्हा त्या गावची लेक आपल्याला लाभेल. समाज एका गावाच्या वेशीवर संपत नाही.

तुकडी, शाखा, शिबिर

आश्रमपद्धतीबरोबर विसाव्या शतकात मुलींच्या प्रशिक्षणाची आणखी एक पद्धत रुजली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मुलग्यांच्या बालवीर मेळाव्याला काही मुली आमंत्रण नसताना गणवेश घालून हजर झाल्या, आणि त्यांच्या आग्रहातून १९१० मध्ये गर्ल गाइड चळवळ जन्मास आली. भारतात तिची पहिली तुकडी १९११ मध्ये जबलपूरला सुरू झाली. सहा-आठ मुलींचा छोटा गट, त्यांच्यातलीच एक प्रमुख आणि ठरलेल्या कामाची पूर्ण जबाबदारी त्या गटाकडे, ही या चळवळीची पद्धत आहे. मोठ्या जमावात संकोचणारी मुलगी सहा जणींत बोलू लागते. आणि एकदा बोलू लागली की साठ जणींतही बोलते.

महाराष्ट्रात १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांवर मुले आणि मुली एकत्र येऊ लागल्या. कवायत, समूहगीत, श्रमदान आणि कलापथक यांतून अनेक मुलींना घराबाहेरचे पहिले व्यासपीठ लाभले. तो वारसा सांगणारे बॅ. नाथ पै सेवांगण आपल्या मालवणातच आहे. १९४९ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींचा विभाग सुरू झाला.

शासनानेही या वयोगटाकडे लक्ष पुरविले. केंद्र सरकारने २०१० मध्ये निवडक जिल्ह्यांत ‘सबला’ योजना सुरू केली, ती अकरा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी होती. त्यात अंगणवाडीच्या आधारे पंधरा ते पंचवीस मुलींचा किशोरी समूह करण्याची आणि त्यांच्यातूनच एक ‘सखी’ व दोन ‘सहेली’ निवडण्याची तरतूद होती. मोठ्या माणसाने येऊन शिकविण्यापेक्षा बरोबरीच्या मुलीने शिकविलेले अधिक रुजते, हा अनुभव त्यामागे होता.

जैन समाजात या काळात भारतीय जैन संघटनेचे कार्य विशेष उल्लेखनीय ठरते. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेली ही संघटना १९९३ च्या लातूर-किल्लारी भूकंपानंतर तेथील मुलांना पुण्यात आणून शिक्षण देण्याच्या कार्यामुळे देशभर परिचित झाली. या संघटनेने किशोरवयीन मुलींसाठी ‘स्मार्ट गर्ल’ ही दोन दिवसांची कार्यशाळा तयार केली. स्वतःची ओळख, संवाद व नातेसंबंध, मासिक पाळी व आरोग्य, आत्मसन्मान व आत्मसंरक्षण, निवड व निर्णय, मैत्री व मोह असे विषय त्यात हाताळले जातात. आपल्या घरांत ज्या गोष्टींविषयी आई-मुलीतही मोकळेपणाने बोलणे होत नाही, त्यांविषयी येथे बोलले जाते, ही मोठीच गोष्ट आहे.

मात्र कोणतेही दोन दिवसांचे शिबिर आश्रमातील दहा वर्षांची जागा घेऊ शकत नाही. शिबिरात मुलीला निर्णय घेण्याची रीत कळते. घरी परतल्यावर तिला निर्णय घ्यायला काही मिळालेच नाही, तर ती रीत वहीतच राहते. शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लागते आणि मुलगी पुन्हा स्वागतगीताच्या रांगेत उभी राहते. दोष शिबिराचा नसतो. पुढचे काम आपले असते आणि ते आपण केलेले नसते.

देवबागच्या किनाऱ्यावरून

एका बाजूस अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी, यांच्या मधोमध वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले आपले देवबाग. या भूमीला स्त्रियांचे नेतृत्व नवे नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथील पुरुष मुंबईला गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत चाकरीला गेले आणि घर, शेती, कुळाचार, आजारपण व कोर्टकचेरी बायकांनी निभावली. महिन्याला येणारी मनीऑर्डर आणि गणपती-शिमग्याला येणारा चाकरमानी, एवढ्यावर कोकणचे संसार चालले. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये १,०३६. हे आकडे घरोघरीचा हा इतिहासच सांगतात. रापणीच्या मासळीचा लिलाव असो वा बाजारातील विक्री, तेथेही स्त्रीचा शब्द चालतो.

आणि तरीही सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे, देवस्थानच्या समितीवर नाव पुरुषाचे. भार तिच्या खांद्यावर आणि अधिकार दुसऱ्याच्या हाती, ही कोकणची जुनी रीत झाली. आपला छोटा जैन समाज या किनाऱ्यावर व्यापारउदिमानिमित्त स्थिरावला आणि येथील भाषा, चालीरीती यांच्याशी एकरूप झाला. त्याबरोबर हीही रीत त्याने उचलली.

आता काळ बदलला आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातील पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. तारकर्ली-देवबागच्या घरोघरी निवास-न्याहारीची सोय झाली. पाहुण्यांची नोंद ठेवणे, मोबाइलवर आरक्षण घेणे, मुंबई-पुण्याच्या प्रवाशाशी हिंदीत वा इंग्रजीत बोलणे ही कामे अनेक घरांत शाळा-कॉलेजातील मुलीच करतात. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत एका महिला बचत गटाने २०१७ पासून कांदळवन सफर सुरू केली. त्या स्त्रिया स्वतः होडी वल्हवतात आणि पर्यटकांना खाडीतील झाडे-पक्ष्यांची माहिती देतात. मे २०२१ मधील तौक्ते वादळात या किनाऱ्याने जे सोसले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. समुद्र गावात शिरत असताना कोणाच्या घरी म्हातारे माणूस आहे, कोणाला औषध हवे आहे, याची खडान्‌खडा माहिती घरातील मुलींनाच असते. या जाणतेपणाला आपल्या न्यासाच्या कारभारात स्थान आहे का?

काही नम्र सूचना

सुवर्णमहोत्सवी वर्षात मोठ्या संकल्पांबरोबर पुढील छोट्या गोष्टींचाही विश्वस्त मंडळाने विचार करावा, अशी विनंती आहे.

पहिली : पाठशाळेचा कारभार तेरा ते अठरा वयाच्या मुलींच्या उपसमितीकडे सोपवावा. अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि बक्षिसे त्यांनीच ठरवावीत. वडीलधाऱ्यांनी मार्गदर्शन जरूर करावे, पण तिने विचारल्यावर.

दुसरी : वर्षातील एका उत्सवाचे अंदाजपत्रक त्यांच्या हाती द्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती खर्च करण्याचा अधिकार पूर्ण असावा. खर्चाच्या पावत्या, कीर्द आणि शिल्लक यांचा हिशेब त्यांनीच वार्षिक सभेत उभे राहून वाचून दाखवावा, आणि सभासदांनी त्यांना तेच प्रश्न विचारावेत जे इतरांना विचारतात.

तिसरी : १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे न्यासाची नोंदणी, लेखापरीक्षण, धर्मादाय कार्यालयाकडे द्यावयाचे बदल अर्ज आणि इतिवृत्त लिहिण्याची पद्धत या गोष्टी मुलींना प्रत्यक्ष कागदपत्रे दाखवून शिकवाव्यात. पन्नास वर्षांचे दप्तर कपाटात आहे. ते उघडणे हेच एक उत्तम शिबिर ठरेल.

चौथी : गावातील वृद्ध श्राविकांच्या आठवणी या मुलींनी लिहून घ्याव्यात. त्या पिढीबरोबर पुष्कळ इतिहास नाहीसा होत आहे, आणि आजी नातीला जे सांगेल ते स्मरणिका समितीला सांगणार नाही.

पाचवी : सज्ञान होण्यापूर्वी मुलगी विश्वस्त होऊ शकत नाही, हे खरे. परंतु तिची आई, काकू, वहिनी होऊ शकते. विश्वस्त मंडळावर एकही स्त्री नसेल, तर मुलींना दिलेल्या प्रशिक्षणाचा अर्थ त्यांना कळणार नाही. किंवा अगदी बरोबर कळेल, आणि तो आपल्याला आवडणारा नसेल.

काही वडीलधाऱ्यांना वाटेल की मुलींच्या हातून चुका होतील, चार पैसे जास्त खर्च होतील. होतील. पहिल्या पन्नास वर्षांत आपल्या सर्वांच्या हातून तशा चुका झाल्याच असतील आणि न्यासाने त्या सांभाळून घेतल्या असतील. तेवढीच सांभाळणी लेकींच्या वाट्याला यावी. शेठ माणिकचंदांनी जेव्हा विधवा मुलीला घराबाहेर पाठविले, तेव्हा त्यांनाही यशाची हमी कोणी दिली नव्हती.

पुढील वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘किशोरी उपसमितीचा अहवाल व जमाखर्च’ असा एक विषय घालण्यात यावा, एवढीच प्रार्थना. सभेपुढे अहवाल वाचणाऱ्या मुलीला बसायला खुर्ची विश्वस्तांच्या रांगेत असावी.

जय जिनेन्द्र.